सूचनाफलकावरचे पक्षी

आमच्या इमारतीत कुणाचंही नाव घेऊन काही लिहायची पद्धत नाही. तळमजल्यावर, लिफ्टच्या शेजारी, हिरव्या कापडाचा एक सूचनाफलक आहे. त्यावर आजवर लागलेल्या प्रत्येक सूचनेची सुरुवात 'काही सभासद' अशीच झालेली आहे. 'काही सभासद कुंड्यांना पाणी घालताना खालच्या मजल्याचा विचार करत नाहीत.' हे काही सभासद म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या बाई. ते सगळ्यांना ठाऊक असतं, बाईंनाही असतं. पण नाव नसल्यामुळे त्या खुशाल फलकासमोर उभ्या राहून "लोकांना काही पोच म्हणून नाही हो" असं म्हणू शकतात. अशाने शेजार टिकतो. तोटा एवढाच, की सूचना वाचायची आमची सगळ्यांची रीत बिघडली आहे. आधी ती कुणासाठी आहे हे ओळखायचं, आणि वेळ उरला तर ती काय आहे हे वाचायचं. वेळ सहसा उरत नाही.

हे आधीच सांगून ठेवते. पुढे जे झालं त्यात माझी चूक किती आणि पक्ष्यांची किती, हे ठरवताना उपयोगी पडेल. पक्ष्यांची मुळीच नव्हती.

सुरुवात आप्पांपासून झाली. आप्पा म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. डोळ्याला लावायचं ते छोटं काळं भिंग अजून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असतं, दुकान बंद होऊन दहा वर्षं झाली तरी. सासूबाई गेल्या त्याला आठ महिने झाले होते, आणि त्या आठ महिन्यांत आप्पा खिडकीजवळच्या खुर्चीतून फारसे उठले नव्हते. रडणं नाही, तक्रार नाही, जेवायला वाढलं की जेवत, विचारलं तर हो किंवा नाही म्हणत. त्यातही 'नाही' जास्त. डॉक्टर म्हणाले, "औषध नाही यावर. दिवसातून एकदा तरी खाली उतरवा त्यांना. पाय गेले की माणूस जातो."

मी रोज म्हणायची, "आप्पा, चला, जरा खाली जाऊन येऊ."

आप्पा रोज विचारायचे, "खाली काय आहे?"

आता या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं? मी मनाशी खरोखर यादी करून पाहिली. खाली स्कूटर होत्या. पाण्याचा पंप होता. एक मांजर होतं, ते आप्पांना आवडत नसे. नवरा म्हणाला, "हवा आहे म्हणावं." मी तसं सांगितलं. आप्पांनी खिडकीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "ती वरही आहे." माणूस तर्कात कुठेही कमी पडत नव्हता. तेच अवघड होतं.

एके दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "बोर्डावर काहीतरी नवीन लागलंय."

"काय?"

"मी काही नीट वाचलं नाही बाई. बारीक अक्षर आहे. तुम्हीच बघा."

बारीक म्हटल्यावर आप्पांचा हात खिशातल्या भिंगाकडे गेला. मग ते बूट शोधायला लागले. आणि मला घाम फुटला, कारण बोर्डावर टाकी साफ करण्याच्या गेल्या महिन्यातल्या सूचनेखेरीज काहीही नव्हतं.

मी दातांच्या दवाखान्यात काम करते. म्हणजे दात मी काढत नाही. आलेल्याचं नाव लिहून घेते, पुढची तारीख देते, आणि आतून ओरडण्याचा आवाज आला की बाहेर बसलेल्यांकडे पाहून हसते. तिथे बाकावर लहान मुलांसाठी ठेवलेलं एक पुस्तक आहे, 'छोटे पक्षी' असं त्याचं नाव. मुखपृष्ठ कुणीतरी चावलेलं आहे. गेली अकरा वर्षं दोन पेशंटच्या मधल्या वेळात मी ते वाचते आहे. शिक्षण माझं मध्येच राहिलं, पण हमिंगबर्ड आणि रेन या दोन पक्ष्यांबद्दल मला कुणीही काहीही विचारावं. माझं सगळं पक्षीशास्त्र दुसऱ्यांच्या दाढदुखीवर उभं आहे. आवडलेलं काही दिसलं की मी ते तारखेच्या कार्डाच्या कोऱ्या बाजूला उतरवून पर्समध्ये टाकते. यातला एकही पक्षी मी डोळ्यांनी पाहिलेला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते.

तर आप्पा बुटांच्या नाड्या बांधत होते, आणि मी तीन मजले जिन्याने धावत उतरत होते. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून जिन्याच्या कठड्यावर कार्ड ठेवून मी डाव्या हाताने लिहिलं, टाकीच्या सूचनेचीच एक टाचणी काढली, आणि लिफ्टचं दार उघडायच्या आत मांजराकडे बघत उभी राहिले.

आप्पा लिफ्टमधून आले. भिंग लावलं. वाचलं. 'हमिंगबर्ड हा पक्षी उडत असताना त्याचं काळीज मिनिटाला बाराशे वेळा धडधडू शकतं.'

भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. मग म्हणाले, "बाराशे?" आणि मग, मला नव्हे, बोर्डाला, "जुनं मनगटी घड्याळ मिनिटाला तीनशे टिकटिक करतं. याचं चौपट झालं. एवढ्या लहान जागेत! याला तेल कोण घालतं?"

आठ महिन्यांतलं ते त्यांचं सगळ्यात लांब भाषण होतं. मी मांजराकडेच बघत राहिले. दुसरीकडे बघायची सोय नव्हती.

मग रोज सकाळी साडेआठला आप्पा बूट घालू लागले. रोज त्याआधी मी दूध आणायच्या निमित्ताने उतरून नवं कार्ड लावू लागले, डाव्या हाताचंच. त्यांना कळू द्यायचं नव्हतं. ज्या माणसाने लोकांच्या घड्याळांतली केसाएवढी स्प्रिंग बसवली, त्याला सूनबाई लहान मुलासारखी चिठ्ठ्या दाखवून खाली नेते आहे असं समजलं असतं, तर तो पुन्हा उठला नसता. नवऱ्याला मात्र सांगितलं होतं. तो म्हणाला, "डाव्या हाताचं अक्षर बघून मला वाटलं, कुणीतरी खंडणी मागतंय."

मला ही गंमत वाटली. पुढच्याच आठवड्यात इमारतीला ती गंमत वाटेनाशी झाली.

तिसरं का चौथं कार्ड असं होतं: 'हमिंगबर्डला पाय असतात, पण चालता येत नाही. बोटभर सरकायचं असलं तरी तो उडतो.' मी ते आप्पांना पटावं म्हणून लावलं होतं, पाय वापरावेत वगैरे. संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंनी मला जिन्यात गाठलं. या ताई अंगाने एवढ्याशा आहेत, पण त्या फोनवर बोलतात तेव्हा फोन कशाला लागतो, असा प्रश्न पडतो. आमच्याकडे त्यांना फोनताई म्हणतात. त्या म्हणाल्या, "कुणी लावलं हो ते? अगदी बरं केलं! एक मजला चढायला लिफ्ट लागते त्या माणसाला. बोटभर सरकायला उडतो! काय हाणलंय!"

पहिल्या मजल्यावरचे काका खरोखरच एका मजल्यासाठी लिफ्ट वापरतात. मला ते सुचलंही नव्हतं. मी म्हटलं, "अहो ताई, ते पक्ष्याबद्दल आहे."

"हो हो," ताई डोळा बारीक करून म्हणाल्या, "पक्ष्याबद्दलच."

काका दुसऱ्या दिवसापासून जिन्याने जाऊ लागले. प्रत्येक पायरीवर थांबून, जाणाऱ्या-येणाऱ्याकडे जखमी नजरेने बघत.

मी सावध व्हायला हवं होतं. झालेही. पुढचं कार्ड मी मुद्दाम अगदी निरुपद्रवी निवडलं: 'रेन जातीचा नर एकाच वेळी अनेक घरटी बांधतो. मादी प्रत्येक घरटं आतून तपासते आणि एकच पसंत करते. बाकीची रिकामी राहतात.' यात कुणाला काय लागणार? चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांना लागलं. त्यांनी स्वयंपाकघरातल्या फरश्या तीनदा बदलल्या होत्या, बायकोला रंग पसंत पडेना म्हणून, आणि दोन खेपांच्या उखडलेल्या फरश्या अजून गच्चीवर पडून होत्या. ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. त्यांच्या बाई मात्र, त्याच कुंड्यांच्या, मला म्हणाल्या, "मादी तपासते म्हणे! तपासायलाच हवं. नाहीतर हे लोक काहीही बांधतील."

नवरा म्हणाला, "तू आता फक्त अंड्यांबद्दल लिही. अंड्याचा राग कुणाला येत नाही." म्हणून मी लिहिलं, हमिंगबर्डचं अंडं वाटाण्याएवढं असतं. त्यावरून पहिल्या मजल्यावरच्या काकांनी अर्थ काढला, की वाटाणा म्हणजे त्यांचं टक्कल. यापुढे माणसाने काय लिहावं?

पण आप्पा! आप्पा आता कार्ड वाचून परत वर येत नसत. पंपाच्या कट्ट्यावर बसत. जाणाऱ्यांना थांबवून विचारत, "हमिंगबर्ड घरटं कोळ्याच्या जाळ्याने बांधतो. माहीत आहे का? म्हणजे पिल्लं वाढली की घरटं ताणतं. स्प्रिंगच म्हणायची ती." लोक घाबरून मान हलवत, कारण यात आपल्याला कोण काय म्हणतंय, याचा त्यांना अंदाज घ्यायचा असे. संपूर्ण इमारतीत ते कार्ड कार्ड म्हणून वाचणारा एकच माणूस होता.

मग मी ती चूक केली. लिहिलं: 'रेन पक्ष्याचं वजन जेमतेम दहा ग्रॅम, पण त्याचा आवाज पाचशे पावलांवरून ऐकू येतो.' पावलांचा आकडा पुस्तकात नव्हता, तेवढा मी अंदाजाने घातला. तेवढ्यापुरती शिक्षा मला मान्य आहे. टाचणी टोचताना मला फक्त रेन दिसत होता, शपथेवर सांगते. आठ वाजून पन्नास मिनिटांनी फोनताई खाली आल्या, आणि त्यानंतर त्या बहिणीला फोनवर काय म्हणाल्या ते आम्ही तिसऱ्या मजल्यावर खिडक्या बंद करून ऐकलं.

त्या संध्याकाळी बोर्डावर नवी सूचना लागली. 'काही सभासद पक्ष्यांच्या आडून इतर सभासदांची बदनामी करत आहेत. याबाबत रविवारी सभा.' आणि त्याच संध्याकाळी सेक्रेटरींनी रेनचं कार्ड काढून उलटं करून पाहिलं. मागे छापलेलं होतं: 'पुढील भेट. दिनांक. वेळ. येण्यापूर्वी दात घासावेत.' चोरी करणारीने मागे सही सोडावी, तशी गत. दातांच्या दवाखान्यात इमारतीतून एकटी मी जाते.

सभेला सगळे आले. पाण्याच्या प्रश्नावर सहाजण येतात, पक्ष्यांवर एकोणीस आले. सेक्रेटरींनी सगळी कार्डं एका ओळीत टेबलावर मांडली होती, पुरावे मांडावेत तशी. मला उभं राहायला सांगितलं नाही, पण बसायलाही कुणी खुर्ची दिली नाही.

"आपलं पक्षीशास्त्रातलं शिक्षण काय?" सेक्रेटरींनी विचारलं.

"स्वतःचं वाचन," मी म्हटलं.

"कुठे?"

"दवाखान्यात. बाकावर."

कुणीतरी हसलं. अकरा वर्षं वाचलेलं त्या एका शब्दात बाकाएवढं झालं.

"हे बघा," सेक्रेटरी म्हणाले, "हे पहिल्या आठवड्यातलं. 'हमिंगबर्ड मागेही उडू शकतो.' हे कुणाला उद्देशून?"

मला खरंच समजेना. मग आठवलं. गेल्या वर्षी सेक्रेटरींनी राजीनामा दिला होता आणि चार दिवसांनी मागे घेतला होता.

"अहो, तो खरंच उडतो मागे."

"कोणताही पक्षी मागे उडत नाही," काका म्हणाले. "एवढं आयुष्य गेलं आमचं."

"मतदान घ्या," मागून कुणीतरी ओरडलं.

आणि त्यांनी घेतलं. हे मी रचून सांगत नाही, इतिवृत्तात आहे. हमिंगबर्ड मागे उडतो या बाजूने पाच, उडत नाही या बाजूने अकरा, तटस्थ दोन, आणि आरोपीला, म्हणजे मला, मत नव्हतं. तटस्थांमध्ये माझा नवरा होता. घरी येऊन म्हणाला, "मी मत दिलं असतं तर लोक म्हणाले असते, बायकोच्या बाजूने बोलतो." तर ठराव मंजूर झाला. तो पक्षी त्या संध्याकाळपासून आमच्या इमारतीच्या हद्दीत मागे उडत नाही.

"पण उद्देश काय होता तुमचा?" फोनताईंनी विचारलं. पहिल्यांदाच हळू. रागावलेल्या नव्हत्या, दुखावलेल्या होत्या. "मी तुमचं काय केलं होतं?"

उत्तर माझ्याजवळ एका वाक्याचं होतं. सासरे खाली यावेत म्हणून. ते बोलले असते, तर बहुतेक सगळं तिथेच मिटलं असतं. पण एकोणीस लोकांसमोर सांगितलेली गोष्ट रात्रीपर्यंत तिसऱ्या मजल्यावर पोचते, आणि तिसऱ्या मजल्यावर ती ज्यांच्यापर्यंत पोचायला नको ते खुर्चीत बसलेले होते. मी म्हटलं, "काही उद्देश नव्हता. मला पक्षी आवडतात." आणि खाली बघितलं. ताईंना ते अर्थातच खोटं वाटलं. बोर्डावर परवानगीशिवाय काहीही लावू नये, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला आप्पा बूट घालून गेले आणि तीन मिनिटांत परत आले.

"खाली काही नाही," ते म्हणाले, आणि बूट काढून ठेवले.

त्यानंतरच्या दिवशी ते गेले नाहीत. त्यानंतरच्याही. मी दूध घेऊन येताना जिन्यात उभी राहायची, पर्समध्ये नऊ कार्डं होती आणि लावायला जागा नव्हती. मी त्यांना ती घरी वाचून दाखवून पाहिली. ते म्हणाले, "हं." घरात वाचून दाखवलेली गोष्ट वेगळी, आणि स्वतः तीन मजले उतरून, भिंग लावून मिळवलेली वेगळी. हे मला आधी समजायला हवं होतं.

एक कार्ड तर मी आधीही कधी लावलं नव्हतं. थंडीच्या रात्री हमिंगबर्ड कसा निजतो, ते त्यात होतं. ते लिहून झाल्यावर मी वाचलं आणि मलाच कसंसं झालं. इतर कार्डं कुणालाच उद्देशून नव्हती. हे एक मात्र कुणीही वाचलं असतं तरी थेट आमच्या खिडकीकडे बघितलं असतं. म्हणून ते मी घडी घालून टाचण्यांच्या डबीत तळाला ठेवून दिलं. ती डबी घरात माझ्याशिवाय कुणी उघडत नाही.

गुरुवारी सकाळी मी अंघोळ करून बाहेर आले तर खिडकीजवळची खुर्ची रिकामी. बूट नाहीत. नवरा दाढीचा साबण तोंडावर घेऊन उभा. "मला वाटलं तू घेऊन गेलीस." टेबलावर टाचण्यांची डबी उघडी पडली होती.

मी ओल्या केसांनी जिना उतरले. पहिल्या मजल्यावर काका भेटले, ते चढत होते. "जा जा, बघा जाऊन," म्हणाले. "मला चष्म्यातून अक्षर लागलं नाही."

बोर्डाजवळ आप्पा उभे होते, दाढी केलेले. शेजारी सेक्रेटरी, कुंड्यांच्या बाई आणि फोनताई. बोर्डावर एक कागद, आणि त्यावर अक्षर इतकं बारीक, की मुंग्यांनी रांग लावली आहे असं वाटावं. आप्पांनी आयुष्यभर घड्याळाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुरुस्तीची तारीख कोरली आहे, त्यांना मोठं लिहिता येतच नाही. त्यामुळे ज्याला वाचायचं असेल त्याला आप्पांकडून भिंग मागून घ्यावं लागत होतं. सेक्रेटरींनी मागितलं. आमच्या सेक्रेटरींना एक डोळा मिटून, दुसऱ्याला भिंग लावून, वाकून उभं राहिलेलं मी त्या दिवशी पाहिलं. आता मला त्यांचा राग येत नाही.

ते मोठ्याने वाचत होते. "'थंडीच्या रात्री हमिंगबर्ड आपलं अंग थंड पडू देतो. बाराशे वेळा धडधडणारं काळीज मिनिटाला पन्नासवर येतं. हात लावला तरी हलत नाही. पाहणाऱ्याला वाटतं, मेला. तो मेलेला नसतो. सकाळी त्याला ऊब धरायला वीस मिनिटं, कधी तासही लागतो. तोवर घरच्यांनी घाबरू नये.'"

सेक्रेटरी थांबले. "आप्पासाहेब, परवानगीशिवाय... आणि हे कुणाला उद्देशून आहे?"

"खाली बघा की," आप्पा म्हणाले.

खाली नाव होतं. पूर्ण नाव, मजला, आणि तारीख, झाकणाच्या आत कोरायचे तशी. त्या हिरव्या कापडावर लागलेली ती पहिली सही होती. सेक्रेटरींनी भिंग डोळ्यावरून काढलं आणि कुणाकडे बघावं ते त्यांना सुचेना, म्हणून ते मांजराकडे बघू लागले. मी त्यांना समजू शकत होते.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी आप्पांना विचारलं.

त्यांनी फोनताईंकडे बोट दाखवलं. ताई कावऱ्याबावऱ्या झाल्या. "मी? मी कधी बोलले यांच्याशी?"

"बहिणीशी बोललात. सभा झाली त्या रात्री," आप्पा म्हणाले. "एकोणीस माणसं, ही उभी होती आणि काही बोलली नाही, सगळं ऐकलं मी. हमिंगबर्ड हरला तेही. चार दिवस विचार केला. मग टाचणी शोधायला डबी उघडली, तर मजकूरही मिळाला." मग ताईंना, अगदी सरळ, "तुमचा आवाज पाचशे पावलांवरून येतो की नाही ठाऊक नाही. एक मजला वर येतो. बरं झालं येतो."

ताई लाल झाल्या. क्षणभर मला वाटलं, आता दुसरी सभा. पण त्या आप्पांकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे, मग त्या कागदाकडे. "अहो, आधी सांगायचं नाही का?" त्या मला म्हणाल्या. माझ्या ओल्या केसांवरून पाणी खांद्यावर गळत होतं, ते त्यांनी आपल्या पदराने टिपलं. आणि सेक्रेटरींना, इतक्या मोठ्याने की चौथ्या मजल्यावरून नवरा-बायको डोकावले, म्हणाल्या, "परवानगी दिली म्हणून लिहा! सगळ्यांची!"

संध्याकाळी मी घडीचं कार्ड खाली नेऊन त्या कागदाशी ताडून पाहिलं. शेवटचं वाक्य पुस्तकात नाही. ते आप्पांचं.

पण ते नंतर. त्या वेळी आम्ही दोघं लिफ्टपाशी उभे होतो. लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडकली होती. आप्पा थोडा वेळ थांबले, मग कठडा धरून जिन्याकडे वळले.

"उद्या काय लावणार?" मी विचारलं.

"उद्याचं तू लाव," ते पहिल्या पायरीवर पाय ठेवत म्हणाले. "उजव्या हाताने लिही मात्र. डाव्या हाताचं तुझं अक्षर भिंगातूनसुद्धा लागत नव्हतं. निम्मं मी अंदाजाने वाचायचो."